काचेवरच्या सावल्या

पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी उभी हयात गेली. काचेवर रक्ताचा थेंब ओढायचा, लिशमन स्टेन घालायचा, मग पांढऱ्या पेशी मोजायच्या. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा रक्ताचा कॅन्सर सापडायचा तो बहुधा नकळत. साठी ओलांडलेले कुणी काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सीबीसीला यायचे. तक्रार काही नाही आणि स्लाइडवर जिकडे तिकडे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी, मध्ये मध्ये फुटून पसरलेल्या पेशींचे पुसट जांभळे डाग. या पेशी इतक्या नाजूक, की थेंब ओढतानाच चिरडतात. गुम्प्रेश्ट या जर्मन डॉक्टरांनी या ‘सावल्यां’ची नोंद १८९६ मध्येच केली होती. थेंबात थोडं अल्ब्युमिन मिसळलं, की त्याच पेशी शाबूत उतरतात.

आजार ओळखणं असं जुनंच. कुणाला औषध द्यायचं, हे कळायला मात्र फार वर्षं गेली. १९५० च्या दशकात क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या आल्या. पण कुणी दोन-तीन वर्षांत जायचा, कुणी वीस वर्षं धडधाकट राहायचा. राजस्थानातून अमेरिकेत गेलेले डॉ. कांती राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. नुसत्या लिम्फोसाइट वाढल्या तर शून्य. मग गाठी, मग प्लीहा किंवा यकृत, पुढे हिमोग्लोबिन घटणं, शेवटी प्लेटलेट घटणं. डॉक्टरांचा हात आणि साधा सीबीसी एवढ्यावर हे ठरतं! मला याचं फार मोल वाटतं. गरिबातल्या गरीब पेशंटलाही ते परवडतं.

१९९८ मध्ये फ्रेंच डॉक्टरांच्या अभ्यासाने दाखवलं, की सुरुवातीच्या टप्प्यात क्लोरॅम्ब्युसिल देऊन आयुष्य वाढत नाही. म्हणून आजही अनेकांवर फक्त लक्ष ठेवतात. घरचे कळवळून विचारतात, “कॅन्सर आहे, मग औषध का नाही?” याचं धीराने उत्तर द्यायला रक्तविकारतज्ज्ञच हवा. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, त्यामुळे नेहमीच्या डॉक्टरांच्या पाहण्यात तो क्वचितच येतो. निदान पक्कं करायला फ्लो सायटोमेट्री लागते. उपचाराआधी १७व्या गुणसूत्राचा तुकडा गळालाय का, हे तपासावंच लागतं. तसं असेल तर जुनी केमोथेरपी फारशी चालत नाही. २०१४ पासून अमेरिकेत सीएलएलसाठी मिळू लागलेल्या इब्रुटिनिबसारख्या गोळ्यांचा विचार करावा लागतो.

तुमच्या रिपोर्टात लिम्फोसाइटचा आकडा पाच हजारांवर असेल आणि महिन्या-दोन महिन्यांनीही उतरत नसेल, तर रक्तविकारतज्ज्ञांना, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टना, गाठा. जाताना जुने सगळे सीबीसी सोबत न्या. आकडा किती वेगाने वाढतोय, हे त्यांतूनच कळतं.