ट्रेलरवरची बोट आणि माळव्याची काळी माती

उज्जैन : नौका पाण्यातून जाते, हे सर्वांना ठाऊक असते, ती पाण्यापर्यंत कशी पोहोचते, याचा विचार क्वचितच होतो. पावसाळ्यात क्षिप्रेला पूर आला की रामघाटावरची लहान मंदिरे आणि नदीवरचा छोटा पूल पाण्याखाली जातो. शहरात घाटापर्यंत डांबरी रस्ता आहे. खरी कसोटी लागते ती क्षिप्रा आणि गंभीर या नद्यांच्या काठच्या खेड्यांत, जिथे शेवटचे काही किलोमीटर कच्च्या वाटेनेच कापावे लागतात. रबरी बोट हवा काढून ट्रकमध्ये टाकता येते. फायबरच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बोटीची घडी होत नाही. ती जीपमागे किंवा ट्रॅक्टरमागे ट्रेलरवरूनच न्यावी लागते. २०२८ मध्ये येथे सिंहस्थ भरणार असल्याने हा विषय केवळ हौशी नौकाविहाराचा उरलेला नाही.

भारतभूमीवर नौका जमिनीवरून वाहून नेल्याची एक फार जुनी नोंद ग्रीक इतिहासकार ॲरियन याने केली आहे. इ.स.पूर्व ३२६ मध्ये सिकंदराने सिंधू नदीवरच्या नौका झेलमपर्यंत नेल्या. लहान नौकांचे दोन आणि मोठ्यांचे तीन तुकडे करून ते गाड्यांवर लादले आणि नदीकाठी पुन्हा जोडले. आजची बोट तोडता येत नाही, म्हणून सारा भार गाडीच्या बांधणीवर आणि हाकणाऱ्याच्या विवेकावर येतो.

प्रथम तोलाचा विचार. ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना ‘उलार’ हा शब्द समजावून सांगायला नको. ट्रेलरचेही तसेच आहे. एकूण वजनाच्या सुमारे १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या जोडणीवर, पडला पाहिजे. बोट, इंजिन, इंधन व ट्रेलर मिळून ५०० किलो भरत असतील, तर दांडीवर ५० ते ७५ किलो हवेत. भार त्याहून कमी झाला की ट्रेलर उलार होतो आणि वेग वाढताच शेपटीसारखा डोलू लागतो. फार वाढला तर जीपची मागची बाजू दबते व सुकाणू हलके होते. इंजिन मागे टांगलेले असल्याने भरलेले डबे, नांगर आणि दोर बोटीच्या पुढच्या भागात ठेवावेत. खडबडीत वाटेवर इंजिनालाही स्वतंत्र टेकू हवा, अन्यथा प्रत्येक हिसक्याचा मार बोटीच्या मागच्या फळीला बसतो.

बांधण्यासाठी ताणला जाणारा नायलॉनचा दोर नको. रॅचेटचे पट्टे वापरावेत. नाळेकडे चरखीचा दोर असला तरी वेगळी साखळी लावावी. जोडणीखालून दोन सुरक्षा साखळ्या एकमेकींना छेद देऊन अडकवल्या, तर जोडणी निसटली तरी दांडी जमिनीत रुतत नाही.

आता मातीविषयी. माळव्याची काळी माती भिजली की फुगते व चिकटते. चाक आणि चिखलरोधकाच्या मध्ये ती इतकी घट्ट बसते की चाक फिरायचे थांबून घसटत जाते. आपल्याकडे सत्तरीत किंवा सांग्यात, अंजुणे आणि साळावली धरणांच्या परिसरात, नेमके उलटे: जांभ्याच्या मुरमातून पाणी निघून जाते, परंतु टोकदार दगड टायर कापतात. काळ्या मातीत दर थोड्या अंतरावर थांबून चिखल काढावा. जॅक मऊ भुईत रुततो, म्हणून जाड फळी सोबत असावी. कच्च्या वाटेवर टायरमधील हवा थोडी कमी केल्यास हादरे सौम्य होतात. डांबरी रस्ता लागताच ती पुन्हा भरणे मात्र अनिवार्य आहे.

ट्रेलर बहुधा रस्त्यात बसतो तो बेअरिंगमुळे. तापलेले चाक थंड पाण्यात उतरवले की आतली हवा आकसून पाणी ओढून घेते, ग्रीस बिघडते आणि पुढच्या फेरीत आस जळतो. म्हणून पाण्यात उतरवण्यापूर्वी चाके निवू द्यावीत, वाटेत १५-२० किलोमीटरवर चाकाच्या मध्याला हात लावून पाहावे, कमानपाट्यांचे बोल्ट तपासावेत. जास्तीचे चाक, बेअरिंगचा संच व ग्रीस जवळ असलेच पाहिजे.

पाण्याखाली गेलेल्या रपट्यावरून (तिकडे ठेंगण्या पुलाला रपटा म्हणतात) ट्रेलर नेण्याचे धाडस करू नये. बोट तरंगू पाहते, ट्रेलरची चाके जमीन सोडतात आणि प्रवाह त्याला आडवे ढकलत गाडीलाही ओढतो. अशा ठिकाणी बोट अलीकडेच उतरवलेली बरी. अरुंद वाटेवर आधी पायी जाऊन वळायला जागा आहे का, ते पाहावे. मागे घेताना सुकाणूचक्राच्या तळाशी हात ठेवावा; ट्रेलर ज्या बाजूस न्यायचा त्याच बाजूस हात सरकवावा.

कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहनच असून त्याची नोंदणी आवश्यक आहे. इंजिनाच्या बोटीला १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू होतो. मागचे दिवे आणि त्यांच्या तारा धुळीने व पाण्याने सर्वांआधी निकामी होतात. निघण्यापूर्वी ते पेटतात का, हे दुसऱ्या माणसाला मागे उभे करून पाहावे.