‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) : चित्रपटाचा शेवट

व्हिक्टर फ्लेमिंग दिग्दर्शित या अमेरिकन बालचित्रपटाच्या अखेरीस डोरोथी कॅन्ससमधल्या घरी जागी होते आणि ऑझची रंगीत सफर हे डोक्याला मार लागून पडलेले स्वप्न ठरते. एल. फ्रँक बॉमच्या मूळ कादंबरीत (१९००) मात्र ऑझ हा खराच देश आहे. परतताना तिचे जादूचे चांदीचे बूट वाळवंटात गळून पडतात आणि डोरोथी नुसत्या मोज्यांनिशी घरासमोर उतरते. स्वप्नाच्या या पळवाटेने साहसातला जीवच गेला, हा आक्षेप सहज झटकता येत नाही. उशाशी जमलेले तीन गडी आणि खिडकीतून डोकावणारा भविष्य सांगणारा प्रोफेसर मार्व्हल यांचे चेहरे ऑझमधलेच आहेत, म्हणजे चित्रपट स्वप्नाचा पुरावाच हाती देतो. तरीही तो डोरोथीला खोटे पाडत नाही. मोठी माणसे समजुतीने हसतात; ती मात्र ती जागा खरी होती, असे निक्षून सांगते आणि आपल्याला तिचेच पटते, कारण ऑझ आपणही पाहिलेला असतो. गोडगोड शेवटाचा आरोपही टिकत नाही. शेरीफच्या हुकुमाने डोरोथीच्या टोटो कुत्र्याला जप्त करून नेणाऱ्या मिस गल्चचे पुढे काय झाले, याचा शेवटच्या प्रसंगात उल्लेखही नाही. टोटो तिच्या टोपलीतून निसटून आला होता, आणि शेरीफचा हुकूम अजून रद्द झालेला नाही.