माती नसलेल्या मातीचे दागिने



सध्या आपल्या मंडळात पॉलिमर क्लेच्या दागिन्यांची लाट आहे. मणी, हुक, तारा बोहरी आळीत एका फेरीत मिळतात, त्यामुळे पुण्यात हा छंद सोपाही आहे. परवा एका काकूंनी मात्र मुद्द्याचं विचारलं, "माती म्हणजे पृथ्वीकाय जीव. हौसेसाठी ती मळायची आणि भाजायची, हे आपल्यात बसतं का गं?"

आधी नावातला घोळ सोडवू. पॉलिमर क्ले ही माती नाहीच. ते पीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिक. १९३९ च्या सुमारास जर्मनीत फिफी रेहबिंडर नावाच्या बाई बाहुल्यांची डोकी घडवायला काहीतरी शोधत होत्या. त्यांची आई, काठे क्रूझे, बाहुल्या बनवण्यात नावाजलेली. फिफींची ही कृती १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने घेतली आणि तिचंच 'फिमो' झालं. मेटल क्ले त्याहून नवी. १९९० च्या सुमारास जपानच्या मित्सुबिशी मटेरियल्समध्ये निघाली. चांदीची अगदी बारीक पूड, पाणी आणि बांधून ठेवणारा चिकट पदार्थ, एवढंच त्यात असतं. कणकेसारखी मळायची, वाळवायची, भट्टीत तापवायची. चिकट पदार्थ जळून जातो, चांदीचे कण एकमेकांना धरतात आणि वस्तू आक्रसते. म्हणून अंगठी मुद्दाम मोठ्या मापाची करावी लागते.

खऱ्या मातीचे मणी तर आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीकाठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या गावात भाजलेल्या मातीच्या वस्तू निघाल्या, मणी निघाले, आणि कारागिरांची वस्ती गावाच्या पश्चिम अंगाला होती असं दिसलं. मला जास्त चटका लावते ती प्रवरेकाठच्या नेवाशाची माळ. तिथे पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी सापडले आणि त्यांच्यात अडकून राहिलेला धागाही. तो सुती होता आणि त्यात रेशीमही होतं. कुण्या आईने घरातलं उत्तम ते लेकराला घातलं असणार. रेशमाच्या किड्याचं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे, पण त्या आईपुढे बोलायला माझी जीभ उचलत नाही.

काकूंच्या प्रश्नाला माझं उत्तर इथून सुरू होतं. मातीचा विचार आपण पटकन करतो, पण कपाटातल्या दागिन्यांचा कधी केलाय? श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे, म्हणजे कर्मादान, उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या अध्ययनात येतात. त्यात दंतवाणिज्य आहे, म्हणजे हस्तिदंताचा व्यापार. आणि लाक्षावाणिज्यही आहे, म्हणजे लाखेचा. लाख झाडावरच्या किड्यांपासून मिळते, ती खरवडताना असंख्य जीव जातात. आता आजेसासूबाईंची बोरमाळ आठवा. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. मोडायला नेली की सराफ लाखेचं वजन वजा करतो, तेव्हाच आपल्याला ती आत आहे हे कळतं! नथीतले बसराचे मोतीही शिंपल्याचा जीव घेऊनच बाहेर येत. पुढे जपानी संवर्धित मोती आले, बसराचा बाजार बसला, पण तिथेही शिंपला उघडावाच लागतो.

कर्मादान हे धंद्याला लावलेलं आहे, अंगावरच्या दागिन्याला नाही, हे मला मान्य. म्हणून कुणी आजीची बोरमाळ मोडावी असं मी म्हणणार नाही. पण नवी नथ करताना मोत्याच्या जागी क्लेचा मणी घातला, अभ्रकाची चमकपूड लावली, तर एक त्रसजीव वाचतो. एकेंद्रिय आणि त्रस यांतला फरक आपल्याला पाठशाळेतच शिकवतात. भाजताना अग्निकाय विराधना होतेच, तशी ती रोज चुलीवरही होते.

मात्र प्लॅस्टिकचं पाप पुसलं गेलं असं समजू नका. पीव्हीसी कुजत नाही. हंगामाला दहा जोड करून फेकायचे असतील तर अपरिग्रह कुठे राहिला? मला स्वतःला मेटल क्ले पटते. महाग आहे, पण शेवटी हाती चांदी उरते, आणि ती वितळवून पुन्हा वापरता येते.

करणार असाल तर एवढं सांभाळा. पॉलिमर क्ले साधारण ११० ते १३० अंशांवर भाजतात. पाकिटावर लिहिलंय त्याहून जास्त तापवू नका, जळली तर विषारी धूर निघतो. स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका, ती मळायचं लाटणं-पोळपाटही वेगळं ठेवा. आणि लाखेची बोरमाळ घरी असेल तर ती गरम पाण्यात धुऊ नका, आतली लाख मऊ पडते.