पाणी स्थिरावेपर्यंत

नदीच्या घाटावर पाणी भरणारी गृहिणी कळशी बुडविण्यापूर्वीं वरचा पालापाचोळा हातानें दूर सारते आणि क्षणभर थांबते. हें थांबणें इतकें अंगवळणीं पडलेलें असतें कीं, आपण एखादा नियम पाळीत आहों असें तिच्या मनांतहि येत नाहीं. त्याच वेळीं शेजारीं कोणी म्हशी पाण्यांत घातल्या, तर मात्र ती रागावते. पाणी सर्वांचें असलें, तरी एकानें केलेली खळबळ दुसऱ्याच्या कळशींत उतरते, हें तिला पुरतें ठाऊक असतें. आज आम्ही वाचकांपुढें जो इतिहास ठेवणार आहों तो वरवर पाहतां ह्या घाटापासून फार दूरचा आहे. वेगवान् यांत्रिक नौकांसाठीं सरोवराचा कांहीं भाग कांहीं काळ इतरांस बंद ठेवण्याची जी रीत ब्रिटनमध्यें रूढ झाली, तिच्यासंबंधींचा हा इतिहास आहे. परंतु त्याचें सूत्र घाटावरचेंच आहे.

अशी बंदी पाहून कोणीहि सुजाण मनुष्य प्रथम असाच प्रश्न विचारील कीं, मूठभर हौशी लोकांच्या शर्यतीसाठीं सर्वांचें पाणी कां अडवावें? मासे धरणारा, वल्हीं मारणारा, पोहणारा, ह्यांचा हक्क एखाद्या तासापुरता कां होईना, हिरावून घेण्यास आधार काय? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षां तीन अपघातांच्या हकीकतींत अधिक स्पष्टपणें मिळतें. त्या हकीकती तीन सरोवरांवर घडल्या.

पहिलें सरोवर विंडरमियर. हें इंग्लंडांतील सर्वांत मोठें नैसर्गिक सरोवर. लांबी सुमारें साडेदहा मैल, परंतु रुंदी मैलाच्या आंतबाहेर. ह्या प्रदेशाच्या शांततेसाठीं वाद होण्याची परंपरा जुनी आहे. १८४४ सालीं विंडरमियरकडे येणाऱ्या नियोजित रेल्वेविरुद्ध वृद्ध कवि वर्डस्वर्थ ह्यानें लेखणी उचलली होती. तरीहि १८४७ सालीं रेल्वे आलीच. पुढें ऐंशीपेक्षां अधिक वर्षांनीं, १३ जून १९३० ह्या दिवशीं, सर हेन्री सेग्रेव्ह ‘मिस् इंग्लंड २’ ही नौका घेऊन त्याच पाण्यावर उतरला. जमिनीवर ताशीं २३१ मैलांहून अधिक वेगानें मोटार हांकण्याचा पराक्रम त्यानें आदल्याच वर्षीं केला होता. विंडरमियरवर दोन धांवांची सरासरी ९८.७६ मैल भरली आणि पाण्यावरचा उच्चांकहि त्याचा झाला. तेवढ्यावर तो थांबला नाहीं. तिसऱ्या धांवेंत नौका उलटली. रोल्स-रॉईस कंपनीचा इंजिनतज्ज्ञ व्हिक्टर हॅलिवेल तेथेंच मरण पावला. दुसरा सहकारी वांचला. सेग्रेव्हनें त्याच दिवशीं कांहीं वेळानें प्राण सोडला. अपघाताचें कारण काय? पाण्यावर तरंगणारा एक लांकडाचा ओंडका नौकेच्या तळाला लागला असावा, हाच बहुतेकांचा निष्कर्ष आहे.

वल्ह्याच्या होडीला असा ओंडका लागला, तर होडींतला मनुष्य तो हातानें ढकलून पुढें जाईल. तोच ओंडका शंभर मैलांच्या वेगाला मृत्यु होऊन आडवा आला. तेव्हां बंदीचा पहिला अर्थ असा कीं, वेगाच्या मार्गांतून केवळ माणसें हटविणें पुरेसें नाहीं. सारा मार्ग नजरेखालून घालावा लागतो, आणि एकदां पाहिलेला मार्ग पाहिलेलाच राहावा म्हणून तेवढा वेळ त्यावर कोणास येऊं न देणें भाग पडतें.

दुसरें सरोवर स्कॉटलंडांतील लॉक नेस. लांबी सुमारें तेवीस मैल, खोली साडेसातशें फुटांहून अधिक. टेल्फर्ड ह्या विख्यात स्थापत्यविशारदाच्या देखरेखीखालीं बांधलेला व १८२२ सालीं खुला झालेला कॅलेडोनियन कालवा ह्याच सरोवरांतून जातो. म्हणजे हें पाणी नौकानयनाचा एक राजमार्गच होय. १९५२ सालीं जॉन कॉब हा जेट इंजिनाची ‘क्रुसेडर’ नौका घेऊन येथें आला. मोटारीच्या वेगाचा उच्चांक १९४७ पासून त्याच्याच नांवावर होता. रविवारीं वाहनें न चालविण्याची तेथील धर्मनिष्ठ लोकांची भावना त्यानें जपली व तो दिवस त्यानें पाळला, असें सांगतात. २९ सप्टेंबर, सोमवारीं, तो निघाला. मोजलेल्या मैलांत त्याचा वेग २०६ मैलांवर गेला; इतका वेग पाण्यावर पूर्वीं कोणीं गांठला नव्हता. तो मैल संपल्यावर नौका लाटांवर हेलकावली, तिचे तुकडे झाले आणि कॉब मरण पावला. परतीची धांव झालीच नाहीं, म्हणून तो वेग उच्चांक म्हणून नोंदला गेला नाहीं.

त्या लाटा कोठून आल्या? शत्रूकडून नव्हे, तिऱ्हाइताकडूनहि नव्हे. त्याच्याच मदतीस असलेल्या एका नौकेनें पाणी कापलें होतें, तिच्या त्या लाटा, असें पुष्कळांचें मत आहे. नौकेच्या पुढील भागाच्या बांधणीविषयींहि तज्ज्ञांनीं शंका घेतली आहे, आणि दोन्ही कारणें एकत्र आलीं असणें असंभवनीय नाहीं. ग्लेन अर्कर्टच्या रहिवाशांनीं त्याच्या स्मरणार्थ सरोवराच्या कांठीं दगडी स्मारक उभारलें. ज्यांचें पाणी होतें त्यांनींच परक्याचें स्मारक बांधावें, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

येथें पाण्याच्या स्वभावाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. जमिनीवरून गाडी गेली कीं धूळ बसते आणि रस्ता पूर्ववत् होतो. पाण्याचें तसें नाहीं. नौका निघून जाते, पण तिच्या लाटा मागें राहतात. त्या नौकेच्या मागें पाचरीच्या आकारानें पसरतात. खोल पाण्यांत ह्या पाचरीची प्रत्येक बाजू नौकेच्या मार्गाशीं सुमारें साडेएकोणीस अंशांचा कोन करते, हें विल्यम टॉम्सन, म्हणजे पुढें लॉर्ड केल्विन झालेल्या शास्त्रज्ञानें १८८७ सालीं गणितानें दाखविलें. लांब आणि अरुंद सरोवरांत ह्या लाटा उभ्या कांठावर आपटून परत फिरतात. आपण एक हिशेब करूं. दोन शिखरांमध्यें दहा मीटर अंतर असलेल्या लाटांचा समुदाय सेकंदाला सुमारें दोनच मीटर पुढें सरकतो. सरोवर आठशें मीटर रुंद असेल, तर मध्यावरून निघालेला हा समुदाय कांठावर आपटून पुन्हां मध्यावर येण्यास सहा-सात मिनिटें लागतात. उलट ताशीं तीनशें मैल वेगाची नौका अख्खा किलोमीटर साडेसात सेकंदांत ओलांडते. नौकेचा वेळ सेकंदांत मोजावा लागतो आणि पाण्याचा मिनिटांत. सगळा अनर्थ ह्या दोन घड्याळांच्या विसंगतींत आहे.

म्हणूनच जो मनुष्य आपली लहानशी होडी बंद भागांत ‘केवळ क्षणभर’ घालतो, तो क्षणाचा अपराध करीत नाहीं. तो निघून गेल्यावरहि त्याची खूण कित्येक मिनिटें पाण्यांत हिंडत असते. पहारा करणाऱ्या नौकांनाहि ठरल्या जागीं स्तब्ध उभें राहावें लागतें, त्याचें कारण हेंच.

तिसरें सरोवर कॉनिस्टन. पांच मैल लांब आणि जेमतेम अर्धा मैल रुंद. ह्याच्या पूर्व तीरावर ब्रँटवुड येथें जॉन रस्किन १८७२ पासून आपल्या अंतापर्यंत राहिला. ज्याचें पुस्तक १९०४ सालीं आगगाडींत वाचून गांधीजींच्या आयुष्याला वळण लागलें, तोच हा रस्किन. यंत्रयुगाच्या घाईचा त्यास मनस्वी तिटकारा होता. दैवयोग असा कीं, त्याच्याच खिडकीसमोरच्या पाण्यावर सर माल्कम कँपबेलनें १९ ऑगस्ट १९३९ रोजीं १४१.७४ मैलांचा उच्चांक केला, आणि त्याचा मुलगा डोनल्ड ह्यानें पुढें तेथेंच अनेकदां तो वाढविला.

डोनल्ड कँपबेलचा शेवट वाचकांस कदाचित् ठाऊक असेल. नोव्हेंबर १९६६ मध्यें तो ‘ब्लूबर्ड’ घेऊन कॉनिस्टनवर आला. थंडी, वारा, इंजिनाची दुरुस्ती, ह्यांत दोन महिने वाट पाहण्यांत गेले. ४ जानेवारी १९६७ रोजीं सकाळीं पाणी आरशासारखें होतें. पहिल्या धांवेंत सरासरी २९७.६ मैल भरली. उच्चांकाचा नियम असा कीं, एका तासाच्या आंत उलट दिशेनें दुसरी धांव घ्यावी आणि दोहोंची सरासरी काढावी, म्हणजे वाऱ्याचा फायदा एकाच बाजूस मिळत नाहीं. तास अजून बराच शिल्लक होता. परंतु कँपबेल इंधन घेण्यासाठींहि न थांबतां कांहीं मिनिटांतच परत फिरला. वेग तीनशें मैलांच्या वर गेला, नौकेचें नाक उचललें, ती हवेंत कोलांटी खाऊन पाण्यावर आदळली व बुडाली. इंजिनाचा जोर ऐन वेळीं खंडला असावा, असेंहि चिकित्सक म्हणतात. परंतु पहिल्या धांवेनें ढवळलेलें पाणी पुरतें शांत झालें नव्हतें, ही गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. नौका २००१ च्या मार्चमध्यें वर काढण्यांत आली, मे महिन्यांत त्याचा देह सांपडला, आणि सप्टेंबरांत कॉनिस्टन गांवींच त्यास मूठमाती मिळाली. रस्किनहि त्याच गांवच्या भूमींत विसावला आहे.

ओंडका निसर्गाचा, लाट मित्राची, आणि शेवटीं लाट स्वतःची, असा हा क्रम आहे. बंदीचा नियम पहिल्या दोहोंवर उपाय करूं शकतो. पहारेकरी ओंडके काढतील, सूचनाफलक होड्या थांबवितील; परंतु शर्यत खेळणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या लाटेपासून वांचविणारा फलक अजून निघालेला नाहीं. दोन महिने वाट पाहिलेल्या पुरुषाला आणखी कांहीं मिनिटें थांबवलें नाहीं, हें आठवून आमचें मन आजहि अस्वस्थ होतें. आठ ऑक्टोबर १९७८ रोजीं ऑस्ट्रेलियांतील ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर केन वॉर्बी ह्यानें दोन्ही धांवा सुखरूप पुऱ्या करून ३१७.६ मैलांची सरासरी गांठली. तो उच्चांक अद्यापि अबाधित आहे.

आतां आरंभीच्या प्रश्नाकडे वळूं. सर्वांचें पाणी कांहीं जणांसाठीं अडविणें न्याय्य आहे काय? विंडरमियरच्या लोकांनीं ह्या प्रश्नावर दीर्घ काळ वाद घातला. अखेर २९ मार्च २००५ पासून त्या सरोवरावर ताशीं दहा मैलांची मर्यादा अमलांत आली, आणि तेथें भरणारा उच्चांकांचा वार्षिक सप्ताह कॉनिस्टनवर गेला. कॉनिस्टनवरहि एरवीं तीच दहा मैलांची मर्यादा आहे. नोव्हेंबरांत त्या सप्ताहापुरती ती शिथिल करतात, धांवेचा मार्ग इतरांस बंद ठेवतात, आणि सप्ताह संपतांच पाणी पुन्हां वल्हेकऱ्यांच्या व बदकांच्या स्वाधीन करतात. शांततेचे भक्त म्हणतील कीं, एक आठवडाहि देऊं नये. वेगाचे भक्त म्हणतील कीं, एक आठवडा म्हणजे भीक होय. दोघांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. तथापि आम्हांस असें वाटतें कीं, ह्या व्यवस्थेचें खरें बळ ‘तात्पुरती’ ह्या एका शब्दांत आहे. बहुतांनीं आपला हक्क थोडा वेळ बाजूस ठेवला, तर थोड्यांचे प्राण वांचतात. आणि थोड्यांनीं तो वेळेवर परत केला, तर बहुतांचा हक्क शाबूत राहतो. जेथें मुदत लिहिलेली नाहीं आणि परत करण्याची दानत नाहीं, तेथें बंदी ही बळजोरी होते.

बंदीच्या दिवशीं होडी बांधून कांठावर स्वस्थ बसलेला कोळी कांहींच करीत नाहीं, असें पाहणारास वाटेल. वास्तविक त्या घटकेला दूरवरच्या नौकेंतील अनोळखी माणसाचें आयुष्य त्याच्याहि हातांत असतें. आमच्या घाटावरच्या गृहिणीला हें समजावून सांगावें लागणार नाहीं. ती कळशी कमरेवर घेऊन पाणी स्थिरावेपर्यंत उभी राहील, आणि मग आपली पाळी आली कीं भरून घेऊन दुसरीसाठीं जागा मोकळी करील.