पेशीतला सोन्याचा ठिपका

मंडळी, शाळेचा जुना ग्रुप फोटो आठवा. चेहरे स्वच्छ, पण खाली नावं नसली की कोण कुठला ते कळत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचंही असंच होतं.

१९५२ साली मुंबईत परळला डॉ. वसंत खानोलकरांनी कॅन्सर संशोधन केंद्र उभं केलं. तिथंच पुढे डॉ. सत्यवती सिरसाटांनी, लंडनला जाऊन शिकून, या सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा थाटली. पेशीतला पडदा न् पडदा दिसू लागला. पण त्या गर्दीत अमुक एक प्रथिन नेमकं कुठं, हे चित्र सांगेना. रंग लावूनही उपयोग नाही. इलेक्ट्रॉनांना अडवतात ते जड अणू, तेवढेच काळे उमटतात.

१९५९ साली अमेरिकेत सिंगर यांनी युक्ती काढली. त्या प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड घ्यायचं आणि त्याला लोह साठवणारं फेरिटिन जोडायचं. लोहाचा ठिपका दिसला की गडी सापडला! १९७१ मध्ये फॉक आणि टेलर यांनी सोन्याचे कण लावले. ठिपका गोल, ठसठशीत, मोजता येणारा. आमच्या बीडच्या सराफ्यात सोनं गुंजेवर तोलत. इथं कण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढा. आणि गंमत अशी, की चित्रात हे सोनं काळंच दिसतं.

एक अडचण मात्र राहिलीच. पेशी नीट टिकवावी तर प्रतिपिंड आत शिरत नाही, आणि त्याला वाट करून द्यावी तर पेशी विस्कटते. म्हणून २०१२ मध्ये अ‍ॅलिस टिंग यांच्या गटानं खूण पेशीकडूनच बनवून घेतली. ती घडवली होती वाटाण्यातल्या एका विकरापासून!