तबकडीची पाठचिकित्सा

जुन्या ग्रंथाचे संपादन करावयाचे झाले तर पोथ्या जमवाव्या लागतात, त्यांतील पाठभेद टिपावे लागतात, लेखनिकांच्या सवयी ओळखाव्या लागतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हापासून ही जाणीव मराठीत आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा ती शास्त्राच्या पातळीवर गेली. मात्र गेल्या शतकातील आपल्या सांस्कृतिक ठेव्याचा फार मोठा भाग कागदावर नसून लाखेच्या काळ्या तबकड्यांवर आहे, आणि त्या बाबतीत हीच जाणीव आपण विसरतो. ‘जुन्या तबकड्या संगणकावर घ्यायच्या आहेत, कोणता टर्नटेबल घ्यावा?’ हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. तो दुकानदाराला विचारण्याचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे असे आम्हांला वाटते. त्याचे उत्तर तबकडीच्या इतिहासातच शोधावे लागते.

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आला आणि त्या नोव्हेंबरात गौहरजानचा आवाज मेणाच्या चकतीवर उतरला. त्या चकत्यांवरून तबकड्या छापल्या जात त्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तेथील कामगारांना गायिका कोण हे कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत सांगण्याची प्रथा पडली. त्या काळच्या अनेक तबकड्यांवर ती ऐकू येते. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये तो डमडमला गेला. गंमत अशी की तबकडीचा मुख्य घटक, म्हणजे लाख, हा मुळातच आपल्याकडचा. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरील किड्यांपासून मिळणारी ही लाख हिंदुस्थानातून साऱ्या जगाला जाई. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तबकडी घडे.

हे तंत्र दोन वर्षे आधी येते तर मराठी रंगभूमीचा इतिहास निराळा लिहिला गेला असता. भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी १९०१ मध्ये वारले. त्यांच्या आवाजाची वर्णने भरपूर आहेत, आवाज मात्र नाही. केशवराव भोसले १९२१ मध्ये गेले. त्यांचे जे काही ध्वनिमुद्रण आहे ते सारे कर्ण्यात गाऊन केलेले, कारण मायक्रोफोनचे विद्युत्-ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये सुरू झाले. अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे मात्र दोन्ही तंत्रांत सापडते : १९०५ च्या सुमारास कर्ण्यापुढे गायलेले आणि १९३० नंतर मायक्रोफोनपुढे गायलेले. या दोन आवाजांतील फरक पाहून गायकी बदलली असे म्हणण्यापूर्वी, त्यातील किती फरक गळ्याचा आणि किती यंत्राचा हे ठरवणे आवश्यक आहे. येथेच टर्नटेबलाचा संबंध येतो.

पहिला प्रश्न वेगाचा. या तबकड्यांना आपण सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरच्या’ म्हणतो. परंतु मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण हळूहळू स्थिर झाले. आरंभीच्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठेही असे. पुढे विजेवरची यंत्रे आली, त्यांच्या हिशेबात ६० आवर्तनांच्या विजेवर ७८.२६ आणि ५० आवर्तनांच्या विजेवर ७७.९२ असे दोन वेग रूढ झाले. हा फरक कानाला जाणवण्याजोगा नाही. पण समजा, एखादे पद ७४ फेऱ्यांवर मुद्रित झाले आहे आणि आपण ते ७८.२६ वर वाजवतो. वेग पावणेसहा टक्क्यांनी वाढला. सहा टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर. काळी एकमध्ये गाणारा गायक आपल्याला पांढरी दोनमध्ये ऐकू येईल. तीन मिनिटे दहा सेकंदांचे गाणे तीन मिनिटांत आटोपेल. तानेचा वेग वाढेल, आवाज पातळ होईल, आणि आपण लिहू की या गायकाचा गळा अतिशय चपळ आणि टोकदार होता. महाजालावर आज एकाच पदाच्या दोन प्रती दोन पट्ट्यांत ऐकू येतात. त्या ऐकून विद्यार्थी गायकाविषयी मत बनवतात. हा साधा पाठभेद नव्हे, हा अपपाठ आहे.

यावर उपाय आहे. साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल तर त्याची पट्टी जुळवून मूळ वेगाचा अंदाज घेता येतो. जुनी वाद्ये एकाच प्रमाणावर लावलेली नसत, हे ध्यानात ठेवावे लागते. एकाच बैठकीत मुद्रित झालेल्या तबकड्या शेजारी ठेवून ऐकल्या तर अंदाज पक्का होतो. पण हे सारे करावयाचे तर टर्नटेबलाला ३३, ४५ आणि ७८ हे तिन्ही वेग हवेत, शिवाय प्रत्येक वेग थोडाथोडा कमीजास्त करण्याची सोय हवी. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा १९७२ पासूनचा विख्यात टर्नटेबल. त्याची १९७९ ची दुसरी आवृत्ती जुन्या बाजारात अजूनही मोठ्या मानाने विकली जाते; तिची यंत्रणा उत्तम आहे, पण तिच्यावर ७८ चा वेगच नाही. २०१६ पासून पुन्हा निघू लागलेल्या मालिकेत मात्र तो आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-१२० मालिकेतही तिन्ही वेग, वेग बदलण्याची पट्टी आणि संगणकाला जोडण्याची सोय एकत्र मिळते.

दुसरा प्रश्न सुईचा. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ०.०६५ ते ०.०७५ मिलिमीटर त्रिज्येचे टोक लागते. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने आणलेल्या दीर्घवादी विनाइल तबकडीची खाच अतिशय अरुंद; तिचे टोक त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठे नसते. एलपीची सुई जुन्या तबकडीवर टेकवली तर ती खाचेच्या तळाशी जाते आणि तेथे साठलेली धूळ वाचू लागते. गाणे असते खाचेच्या भिंतींवर. जुन्या काळी पोलादी पिन प्रत्येक बाजूला बदलावी लागे आणि जड साउंडबॉक्सच्या भाराने भिंती झिजत. ही झीज बहुधा एका ठराविक उंचीवर असते, म्हणून थोड्या वेगळ्या जाडीची सुई लावली तर ती न झिजलेल्या भागावर टेकते आणि मेलेले वाटणारे गाणे पुन्हा उभे राहते. तेव्हा सुई आणि तिचे हेडशेल सहज बदलता यावे, भार मोजून ठेवता यावा, ही दुसरी अट. एलपीला दीड ते अडीच ग्रॅम, ७८ ला साधारण तीन ते पाच ग्रॅम भार पुरतो. सुटकेसच्या आकाराची जी स्वस्त यंत्रे आज शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत दिसतात, त्यांत यांपैकी काहीच बदलता येत नाही. दुर्मिळ तबकडी त्यांवर ठेवू नये.

तिसरा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित. विद्युत्-ध्वनिमुद्रणात खर्ज मुद्दाम दाबून आणि तीव्र स्वर मुद्दाम उचलून कोरतात. वाजवताना याच्या उलट क्रिया करून तोल साधतात. १९५४ पासून यासाठी एक प्रमाण वक्र ठरला आणि आजच्या प्रत्येक यंत्रात तोच बसवलेला असतो. त्यापूर्वीच्या तबकड्यांचे वक्र निरनिराळे होते, आणि कर्ण्यातून मुद्रित झालेल्या तबकड्यांना असा वक्र नव्हताच. केशवरावांच्या तबकडीवर आजचा वक्र लावणे म्हणजे मोडी लिपीतील कागदाला आजच्या शुद्धलेखनाचे नियम लावण्यासारखे आहे. म्हणून यंत्रातील अंतर्गत वर्धक बंद करून सपाट संकेत बाहेर काढता यावा, ही तिसरी अट. ज्यांच्याकडे ७८ चा वेग नाही ते कधी तबकडी ४५ वर वाजवून संगणकावर तिचा वेग वाढवतात. हे शक्य आहे, पण वक्र आधीच लागला असेल तर तो चुकीच्या स्वरांवर लागतो. संकेत सपाट घेतला तरच ही युक्ती निर्दोष ठरते.

अपवादही सांगितले पाहिजेत. पाथे कंपनीच्या जुन्या तबकड्यांत खाच आडवी न हलता वर-खाली हलते, आणि त्यांतील काही आतून बाहेर वाजतात. कलकत्त्याच्या एच. बोस यांनी अशा तबकड्या काढल्या होत्या. दोन वाहिन्यांचे कार्ट्रिज असेल तर त्याही वाचता येतात. तेच कार्ट्रिज साध्या ७८ साठीही उपयोगी पडते, कारण खाचेच्या दोन भिंती वेगवेगळ्या मुद्रित होतात आणि कमी झिजलेली भिंत पुढे निवडता येते.

आता प्रत कशी घ्यावी? ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ अशी आहे. टर्नटेबलातून थेट संगणकात जाणारी तार बहुधा १६ बिटच देते. घरी ऐकण्यास ती पुरे; संग्रहासाठी स्वतंत्र ध्वनि-परिवर्तक घ्यावा. मूळ प्रतीतील खरखर काढू नये. खरखर काढलेली, वेग सुधारलेली, वक्र लावलेली प्रत वेगळी ठेवावी आणि कोणती सुई, किती वेग, किती भार हे तिच्याबरोबर नोंदवावे. संपादक पाठभेद तळटीपेत देतो, तसेच हे. आणखी एक सूचना : लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. विनाइल स्वच्छ करण्याचे स्पिरिट-मिश्रित द्रव लाखेच्या तबकडीला लावणे म्हणजे ती नष्ट करणे होय. पावसाळ्यातील बुरशी काढण्यास शुद्ध पाणी, अगदी थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. लेबल मात्र भिजू देऊ नये.

मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थांनी आणि अनेक एकट्या संग्राहकांनी या तबकड्या जपल्या, म्हणून हा विचार करण्यास आज काही उरले आहे. तबकडी कागदाहून दुर्बल आहे. ती पडली की फुटते, आणि चुकीच्या सुईने वाजली की प्रत्येक वेळी थोडी पुसली जाते. फार दुर्मिळ तबकड्यांच्या बाबतीत आपण घेतलेली प्रत हीच कदाचित शेवटची प्रत असेल. म्हणून घाईने शंभर तबकड्या संगणकात भरण्यापेक्षा दहाच घ्याव्यात, पण नोंदींसह घ्याव्यात. वक्राविषयी, वेगाविषयी उद्या कोणाला आपल्याहून अधिक कळेल. त्याला आपला निर्णय मागे फिरवून मूळ ध्वनीपाशी जाता आले पाहिजे. टर्नटेबल निवडताना किमतीच्या आधी हे पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.