बुडाचा इतिहास

वाशिम जिल्ह्यातल्या माणसाने समुद्रावर लिहू नये, असा सरकारी आदेश अद्याप निघालेला नाही. तो निघण्यापूर्वी लिहून टाकतो. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. पाहायचाच झाला तर रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठावी लागते, आणि तिथले नातेवाईक समुद्राऐवजी आपला नवा फ्लॅट दाखवतात. तरी जहाजांशी आमचे नाते जुने आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. या घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले, आणि त्याच अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगवलेले आहे.

चित्रातल्या जहाजाचे सगळे दिसते, बूड तेवढे दिसत नाही. इतिहासाचेही असेच असते. शिडे दिसतात, निशाणे दिसतात, तोफा दिसतात. बूड पाण्याखाली. माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या बँकेतल्या कारकुनाला मात्र वरच्या निशाणापेक्षा खालच्या नोंदी वाचायची खोड असते. म्हणून हा बुडाचा इतिहास.

जहाज पाण्यात उभे राहिले की थोड्याच दिवसांत त्याच्या तळावर बुळबुळीत थर चढतो. मागून शेवाळ येते. त्यामागून चुन्याच्या कवचाचे चिमुकले प्राणी येतात आणि बिऱ्हाड थाटतात. हे भाडेकरू भाडे देत नाहीत, जागा सोडत नाहीत, वर कुटुंब वाढवतात. गुळगुळीत तळ किसणीसारखा होतो आणि जहाजाचा वेग उतरतो. लाकडी जहाज असेल तर लाकूड पोखरणारा समुद्री किडा आहेच. शत्रूची तोफ बाहेरून भोक पाडते, हा आतून पाडतो, आणि तोही आवाज न करता.

कोकणातल्या दर्यावर्दींनी यावर पावसाळ्याचा उपयोग केला. नाहीतरी त्या दिवसांत समुद्र कुणाला उभे करीत नाही. होड्या काठावर ओढायच्या, तळ खरवडायचा, फटी बुजवायच्या, तेल पाजायचे आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन पुन्हा पाण्यात लोटायच्या. मराठ्यांच्या आरमाराचीही पावसाळ्यात छावणी पडे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटन खाडीच्या काठी आंग्र्यांची गोदी होती. तिच्या खुणा आजही पाहायला मिळतात. मुंबईत इंग्रजांनी १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना आणले आणि १७५० साली सुकी गोदी बांधली. म्हणजे दोन्ही बाजू आपापली बुडे सांभाळून होत्या. पुढे १७५६ साली पेशवे आणि इंग्रज एक झाले आणि विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. वर्षानुवर्षे खरवडून, तेल पाजून राखलेले तळ एका दिवसात राख झाले. जे किड्याला जमले नाही ते आपल्याच माणसांनी केले.

यानंतर गोष्ट तांब्यावर येते. १७६१ साली इंग्रजांनी ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. किडे हटले, शेवाळ हटले. पण खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारचे लोखंड झपाट्याने गंजते, त्यामुळे तळातले लोखंडी खिळे विरघळू लागले. मग खिळेही बदलावे लागले. तरी तांबे वर्षावर्षाला झिजायचेच. ही झीज थांबवण्याचे काम १८२४ च्या सुमारास हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाकडे आले. त्याने तांब्याला लोखंडाचे तुकडे जोडले. आता लोखंड झिजे आणि तांबे शाबूत राही. टाळ्या पडल्या. पण जहाजे सफर करून परतली तेव्हा तळावर शेवाळ आणि शिंपल्यांची जत्रा भरलेली! तांबे पाण्यात थोडे थोडे विरघळत होते, म्हणून तर हे पाहुणे दूर राहत होते. झीज थांबली आणि संरक्षणही थांबले.

हे वाचल्यावर मी खुर्चीत सरळ बसलो. कॉमर्सला आम्हाला घसारा शिकवला तो नुकसान म्हणून. मालमत्तेची किंमत दरवर्षी थोडी खाली उतरवायची आणि उसासा सोडायचा. इथे घसारा हाच पहारेकरी! पुढच्या काळातल्या रंगांनीही हेच तत्त्व धरले. विसाव्या शतकात स्वतःहून थोडा थोडा झिजत राहणारा, कथिलाच्या विषारी संयुगाचा रंग निघाला. तो इतका जालीम होता की जहाजाशी संबंध नसलेल्या कालवांचेही हाल झाले. २००८ साली त्याच्यावर आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली आणि तांबे पुन्हा कामावर रुजू झाले.

एवढ्यात फायबरग्लास आले होते. काचेचे तंतू आणि राळ. ना कुजणार, ना गंजणार, ना किडा लागणार. आता देखभालीची कटकट संपली, असे लोकांना वाटले. पण फायबरची चमक असते ती वरच्या जेलकोट नावाच्या थराची, आणि तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड. ऊन त्याला खडूसारखा भुरकट करते.

याचा नमुना आमच्याच भागातल्या एका तलावावर पाहिला. एक फायबरची होडी होती. पाण्याच्या रेषेवर क्षारांचा पांढरा पट्टा (आमच्याकडच्या बादल्यांनाही असतो) आणि लोखंडी कड्यांखाली गंजाचे तपकिरी ओघळ. कुणा कंत्राटदाराने त्या सगळ्यावर सरळ निळा रंग फासला होता. राखणदार म्हणाला, “रंग तं मारला होता साहेब, पन एका पावसाळ्यात पोपडे निंगाले.” निंगणारच! खाली जुने मेण आणि धूळ तशीच.

शेवटी मोटारींचे डेंटिंग-पेंटिंग करणारे एक काका बोलावले. त्यांनी आधी ते पोपडे खरवडले आणि साबणाने होडी धुतली. क्षार सौम्य आम्लाने काढले. गंजावर ऑक्सॅलिक ॲसिडचे पाणी फिरवले. ते लोखंडाला धरून विरघळवते. विषारी असते, म्हणून हातमोजे घालून. पुन्हा भरपूर पाणी. मग कापडावर थिनर घेऊन जुने मेण पुसले. भुरकटपणावर ओला पॉलिशपेपर, आधी ८०० नंबर, मग १०००, मग १२००. त्यावर रबिंग कंपाउंड, आणि सगळ्यात शेवटी मेण. जेलकोट झिजून तंतू उघडे पडलेल्या जागी मात्र घासणे नाही. तिथे भरून नवा थर. मी विचारले, “काका, एवढं घासण्यापेक्षा रंगच जाड मारला तर?” म्हणाले, “साहेब, चमक वरून लावाची नसते, खालून काढाची असते.” चार दिवसांनी होडी अशी दिसू लागली की राखणदार तिच्यात पाहून भांग पाडू लागला.

आता थोडे मोठ्या होडीविषयी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात लाकूड आणि फायबरग्लास मिळून ‘म्हादेई’ बांधली गेली. २००९ साली ती नौदलात आली आणि २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी तीच प्रदक्षिणा न थांबता करून आले. तिची बहीण ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन २५४ दिवसांत परतली, आणि २०२४-२५ मध्ये दोघींना घेऊन पुन्हा गेली. परतणाऱ्यांचे फोटो छापून आले आणि ते यायलाच हवेत. दोन सफरींच्या मध्ये बुडाशी बसून कागद घासणाऱ्याचा फोटो मला अजून दिसायचा आहे.

आमच्या होडीच्या मेणाचाही घसारा सुरू झाला आहे. दरवर्षी ते पुन्हा लावावे लागणार, आणि ‘दुरुस्ती व देखभाल’ या सदराखाली तेवढी रक्कम दाखवावी लागणार. एखादा तपासनीस चष्मा वर करून विचारीलच, “या खर्चातून नवीन काय निर्माण झाले?”

काही नाही, साहेब. होडी तरंगते आहे.